स्प्रिंगा आणि सोयरिका

मध्यमवर्गीय मराठी माणसाचा आणि सस्पेन्शनचा संबंध आयुष्यात दोनदाच येतो. एक, नोकरीतून सस्पेंड झाला तर; आणि दोन, लाल डब्याच्या शेवटच्या बाकावर बसला तर. या दुसऱ्या प्रकारात एसटीचे कमानपाटे आणि आपले मणके यांची जी काय बोलणी व्हायची ती परस्पर होत असत. आपल्याला कुणी विचारत नसे. त्यामुळे स्टुटगार्टचा माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, गाडीसाठी सस्पेन्शन निवडतोय," तेव्हा मी विचारलं,

"का रे, गाडीबरोबर आलं नव्हतं का?"

आलं होतं. त्याच्या गोल्फ जीटीआयला ते होतं आणि चांगलं धडधाकट होतं. ते काढायचं आणि पदरचे दोन हजार युरो घालून दुसरं बसवायचं, असा बेत होता.

आम्ही उभयता तिकडे गेलो होतो ते वेगळ्याच कामाने. भाचेसुनेला सातवा महिना होता. तिची आई बाळंतपणाला पोचेपर्यंत घरात कुणी मोठं माणूस हवं, आणि ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणून ताईच्या वतीने आम्ही. निघताना ताईने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "तो ते रेसचं खूळ पुन्हा काढेल. तू मध्ये पड."

मध्ये पडायचं म्हणजे आधी विषय समजायला हवा. तो भाच्याने मला दोन संध्याकाळी समजावला. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. तो स्प्रिंगची उसळी जिरवतो, तिची उष्णता करून टाकतो. शॉकअप नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढच्या चौकापर्यंत डुलत जाईल. हे मला चटकन पटलं. आमची ताई म्हणजे शुद्ध स्प्रिंग. सगळ्या घराचा भार तिच्यावर, पण उसळीही तिचीच. आणि भाऊजी म्हणजे शॉकअप. गेली चाळीस वर्षं ते मुकाट्याने जिरवत आले. आतून तापत असतील, पण बाहेर कधी धूर नाही.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या अंगावरच चढवलेली स्प्रिंग. आता गोल्फच्या पुढच्या चाकांना मुळातही अशीच जोडी असते. पण कॉइलओव्हरच्या नळीला बाहेरून आटे असतात. त्यावरची रिंग फिरवली की गाडी हवी तेवढी खाली किंवा वर घेता येते. जर्मन भाषेत त्याला नावच ‘आट्यांचं सस्पेन्शन’ अशा अर्थाचं आहे. मागच्या चाकांना मात्र स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. एकाच छपराखाली दोन चुली.

मग स्थळं पाहणं सुरू झालं. भाच्याने टिपणच केलं होतं, पत्रिका जुळवतात तसं. बिलस्टाइनचं बी-१४: उंची बदलता येते, पण स्वभाव जन्माचा ठरलेला. त्यांचंच बी-१६: स्वभावाला दहा पायऱ्यांचं बटण. केडब्ल्यूच्या घरात तीन बहिणी. थोरलीचा स्वभाव ठरलेला, मधलीचा एका बाजूने बदलता येतो, धाकटीचा दोन्ही बाजूंनी. शिवाय आणखी वरच्या घराण्यांतली काही स्थळं होती. त्यांच्यात वरचे सांधे रबराचे नसून धातूचे. चाक अगदी हुकुमात राहतं, पण रोज कडकड ऐकावी लागते.

"एवढं सगळं कशासाठी?" हिने विचारलं.

कशासाठी, तर नॉर्डश्लाइफसाठी. न्यूरबुर्गरिंगचा हा जुना रस्ता १९२७ साली खुला झाला. जंगलातून, डोंगरावरून जवळजवळ २१ किलोमीटरची एक फेरी. ठरलेल्या वेळी पैसे भरून कुणीही आपली घरची गाडी तिथे घालू शकतो. जॅकी स्ट्यूअर्टने या रस्त्याचं नाव ‘हिरवा नरक’ ठेवलं. १९६८ साली धुक्यात आणि पावसात तो तिथेच जिंकला होता. १९७६ साली निकी लाउडा तिथे भाजला आणि फॉर्म्युला वनने त्या रस्त्याला रामराम ठोकला. माझ्या भाच्याने मात्र ठोकला नव्हता. ही माहिती मी ताईला दिली नाही.

बँकेत जन्म गेलेला माणूस मी. मी हिशेब मांडला. वर्षातून चार खेपा, दर खेपेला पाच फेऱ्या, म्हणजे ४२० किलोमीटर. आकडाच काय तो बोलका! गाडी वर्षाला धावते बारा हजार. म्हणजे शेकडा साडेतीन हिरवा नरक; बाकी साडेशहाण्णव ऑफिस, भाजी आणि सूनबाईचा डॉक्टर. त्या डॉक्टरच्या गल्लीत दगडी फरशीचा रस्ता.

रविवारी भाच्याच्या मित्राची गाडी पाहायला गेलो. तिला सगळ्यात कडक जोडी बसवलेली आणि गाडी इतकी खाली की बसताना मला मांडी घालावी लागेल असं वाटलं. सूनबाईने बसायला साफ नकार दिला. आम्ही दोघं मागे बसलो. दगडी रस्त्यावर हिने एकच वाक्य तीन तुकड्यांत उच्चारलं, "स्थळ... फार... कडक आहे."

मित्र म्हणाला, रस्त्यावर असं वाटतं, पण तिकडे कडकच हवं. पण घरी आल्यावर भाच्यानेच खाली मान घालून सांगितलं, की ते तितकंसं खरं नाही. तिकडचा रस्ताही उंचसखल आहे. फार कडक गाडीचं चाक उंचवट्यावरून सुटून हवेत जातं, आणि हवेतल्या टायरला पकड कसली? गाडी फार खाली घेतली तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, पुढच्या चाकांची भूमिती बिघडते आणि वळणावर गाडी उलट जास्त कलायला बघते. म्हणजे जे पोटातल्या बाळाला मानवत नव्हतं, ते हिरव्या नरकालाही मानवणारं नव्हतं.

सूनबाई आठवडाभर लोकरीचं विणता विणता सगळं ऐकत होती. तिने सुया खाली ठेवल्या.

"धक्का कितीचा बसणार ते रस्त्याच्या हातात. बसल्यानंतर गाडी कशी सावरते, तेवढं फिरवता येणारं कुठलं?"

"मधली बहीण," भाचा म्हणाला. शॉकअप दबतो ती चाल कंपनीने ठरवलेली. परत फाकतो ती चाल हाताने कमीजास्त करता येते.

"मग तेच आण. गाडी २५ मिलिमीटरपेक्षा खाली जाणार नाही. आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तू तिकडे जाणार नाहीस."

"कबूल," भाचा म्हणाला. इतकं चटकन म्हणाला की मला भाऊजींची आठवण झाली.

जोडी बसली. जर्मनीत असलं काही बसवलं की ते तपासून घेऊन कागदावर नोंदवावं लागतं. इन्स्पेक्टरने गाडीखाली वाकून, टेप लावून, आमच्याकडे मुलाची जन्मतारीखही इतक्या काळजीने लिहीत नाहीत अशा काळजीने नोंद केली. दगडी गल्लीतून सूनबाईला घेऊन गेलो तेव्हा तिने डोळे मिटले होते. गल्ली संपल्यावर उघडले आणि म्हणाली, "चालेल."

रात्री ताईचा फोन आला. "काय रे, मध्ये पडलास का?"

"पडलो. त्याने गाडीला नवे शॉकअप बसवले. बाळंतिणीला धक्का लागू नये म्हणून."

"बघ! आहे माझा मुलगा समजूतदार," ताई म्हणाली. आणि मग, व्हायचं तेच झालं. तिने किंमत विचारली.

मी रुपयांत सांगितली. पलीकडे स्प्रिंग उसळल्याचा स्पष्ट आवाज आला. मग थोडी खुडबुड झाली, आणि फोनवर भाऊजी आले.