कशावरून?

मंडळी, आमची जुनी पेट्रोल गाडी चढावर आचके देऊ लागली. गॅरेजवाल्याने अंदाज दिला ३८ हजारांचा! चारही इग्निशन कॉइल आणि चारही इंजेक्टर नवीन. म्हणजे माझी महिन्याची पेन्शन.

मी मराठीचा मास्तर, इंजिनातलं काय कळणार? पण 'कशावरून?' हे जन्मभर मुलांना विचारलं, तेच त्याला विचारलं.

"काका, स्कॅनरवर कोड आलाय, पी०३०२."

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, या कोडचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय. ठिणगी कमी पडते, पेट्रोल की दाब, ते कोड सांगत नाही. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावायला सांगा, बाकी कशाला हात नको.

तसं केलं, कोड पुसला, एक चक्कर मारली. आता कोड आला पी०३०३! कॉइलबरोबर दोषही तिसऱ्यावर गेला होता. एकच कॉइल बदलली, २२०० रुपयांत काम झालं.

गॅरेजवाला लबाड होता असं मी म्हणणार नाही. सगळंच बदललं असतं तरी गाडी सुधारलीच असती. फक्त दुखणं काय होतं, ते त्यालाही कळलं नसतं आणि मलाही. असो.