धूळ

अमरावतीच्या गिरणीतून रातपाळी करून यायचो. एम. ए. चं पुस्तक उघडलं की दोन ओळीत डोळे मिटायचे. मग उघडणंच सोडलं. चार महिने. शिकून तरी काय, सूतच जोडायचं ना!

अकोल्याला गेलो तर माय म्हणे, "काऊन रे, पुस्तकाले हात नाई लावत?"

मित्रहो, बाबासाहेबांचंही शिक्षण १९१७ ला तुटलं. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, लंडन सुटलं, पुस्तकांची बोट पाणबुडीनं बुडवली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा जमवला, १९२० ला परत गेले. प्रबंध दुरुस्तीला आला, पुन्हा लिहिला. १९२३ ला डी. एस्सी.

हे मी जयंतीच्या भाषणात कितीदा सांगितलंय. स्वतःलाच सांगायचं राहिलं.

आता बडनेरा-अकोला गाडीत दोन पानं. काल मूर्तिजापूर आलं तेव्हा तीन झाली होती.