आमची खुडूक कोंबडी

नवघरास आमचें घर जुन्या गांवठाणांत आहे. सभोंवार उंच इमारती उभ्या राहिल्या; तरी आमच्या परसदारीं एक खुराडें, पांच गांवठी कोंबड्या व एक कोंबडा अद्याप टिकून आहेत. अंड्यांच्या पैशांतून माझ्या वह्या येतात. म्हणून त्यांचा हिशेब मीच ठेवितों.

गेल्या श्रावणांत आमची तांबडी कोंबडी एकाएकीं अंडीं घालीनाशी झाली. रिकाम्या टोपलींत अंग पसरून ती दिवसभर बसून राही. हात पुढें करतांच पिसें फुलवून चोंच मारी. दिवसांतून एकदांच उठे, घाईनें चार दाणे टिपी आणि पुन्हां जागेवर जाई. "खुडूक झाली ती," आजी म्हणाली. इकडे माझ्या हिशेबांतील आंकडे घटूं लागले, व मला तिचा राग आला.

एका शेजाऱ्यानें उपाय सांगितला, कीं तिला थंड पाण्यांत बुचकळावें, नाकपुडींत पीस खोंवावें. पीस खोंवण्याचें धैर्य मला झालें नाहीं. परंतु आजी घरीं नसतां मीं तिला तीन वेळां पाण्यांत बुचकळलें. बाहेर पाऊस लागून राहिला होता. ती बिचारी थरथरत त्याच टोपलींत जाऊन बसली. सायंकाळीं पाहतों तों तिनें मान टाकलेली!

आजी मला एका शब्दानेंही रागें भरली नाहीं. तिनें कोंबडीस कोरड्या फडक्यांत गुंडाळून चुलीजवळ ठेविलें. तें मौन मला छडीहून अधिक लागलें. रात्रभर मला झोंप आली नाहीं. सकाळीं कोंबडीनें दाणा टिपला, तेव्हां माझा जीव भांड्यांत पडला. आणि लागलीच ती टोपलीकडे चालती झाली!

आजी म्हणाली, "बाळा, हा तिचा हट्ट नव्हे. एक तर तिला अंडीं दे, नाहीं तर पोटाखालून वारा दे. काय करायचें तें तूंच ठरव."

पुढें पुस्तकांत वाचलें, कीं प्रोलॅक्टिन नांवाचें द्रव्य रक्तांत वाढलें म्हणजे कोंबडीस ही अवस्था येते व तिचें अंडीं घालणें थांबतें. पांढऱ्या लेगहॉर्न जातींत ही वृत्ति पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळ जवळ नाहींशी केलेली आहे. म्हणून त्या जातीचीं अंडीं बहुधा यंत्रांत उबवितात. आमची तांबडी मात्र निसर्गाचेंच ऐकत होती.

विक्रीसाठीं ठेविलेलीं नऊ अंडीं मीं तिच्याखालीं मांडलीं. दाणा व पाणी जवळ ठेविलें. आठव्या दिवशीं रात्रीं आजीनें तीं एकेक करून दिव्यापुढें धरलीं; दोहोंत जीव नव्हता, तीं काढून टाकलीं. २१ व्या दिवशीं पहांटे टोपलींतून चिवचिव ऐकूं आली. सातही पिलें सुखरूप होतीं.

हिवाळ्यांत काळी कोंबडी खुडूक झाली. त्या वेळीं आम्हांस पिलें नको होतीं. आजीनें फटींच्या तळाची एक फळांची पेटी दोन विटांवर मांडली व दाणापाणी देऊन काळीस तींत ठेविलें. खालून वारा लागून पोट गार राहिलें, आणि चार दिवसांत ती पूर्ववत् हिंडूं लागली. ना पाणी, ना पीस!

त्या वर्षीं माझ्या वह्या महिनाभर उशिरां आल्या. मीं जुन्या वह्यांचीं कोरीं पानें शिवून काम भागविलें. तांबडी आतां माझ्या हातून दाणा घेते. परंतु मीं पाण्याची बादली उचलली, कीं ती अजूनही दूर पळते.