सुलतान खान यांचा डाव

रविवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या वस्तीतील समाजमंदिराच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. आम्ही पाच-सहा जण जमतो. कोणी कचेरीत कारकून, कोणी फिटर, एक रिक्षा चालवणारे, एक शाळेतले शिपाई, आणि वयाने सर्वांत मोठे म्हणजे काका. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती कायमचीच. आम्ही आपसात खेळतो कमी, जुने गाजलेले डाव मांडतो जास्त. ज्याला जिथे डाव सापडेल तिथून त्याने तो वहीत उतरवून आणायचा. एकाने चाली वाचायच्या, दुसऱ्याने मोहरी हलवायची आणि खरा पेच आला की वही मिटायची. "बोला, पुढची चाल काय?" ज्याची चूक त्याचा चहा. महिनाअखेरीस चुका कमी होतात आणि पगार झाला की वाढतात, हे आमचे निरीक्षण आहे.

लोकांनी खेळून संपवलेला डाव पुन्हा मांडून काय मिळते, हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाला घरी ऐकावा लागतो. उत्तर देता येत नाही. पण वहीतले एक पान इतक्या वेळा उघडले गेले आहे की ते शिलाईतून सुटले आहे. त्या पानाबद्दलच आज लिहायचे आहे.

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ ची स्पर्धा. पांढरी मोहरी मीर सुलतान खान यांची, काळी क्यूबाच्या कॅपाब्लांका यांची. कॅपाब्लांका १९२१ ते १९२७ पर्यंत जगज्जेते होते आणि त्यांना हरवणे ही क्वचित घडणारी गोष्ट होती. एकविसाव्या चालीला त्यांचा हत्ती शह देत थेट पांढऱ्याच्या घरात उतरतो, पुढच्या चालीला दुसरा हत्ती शह देतो आणि त्या दोन हत्तींच्या बदल्यात पांढऱ्याचा वजीर जातो. इथे आम्ही वही मिटतो. नवा माणूस असेल तर हमखास म्हणतो, "वजीर गेला, आता काय राहिले?"

राहतात ते दोन हत्ती आणि दोन उंट. काळा वजीर एकटाच इकडून तिकडे येरझारा घालतो, पण त्याला आत शिरायला फट म्हणून मिळत नाही. हत्ती एकमेकांना धरून उभे असतात. घाई नाही, झगमगाट नाही. पासष्टाव्या चालीला डाव संपतो आणि पांढरा जिंकतो. इतक्या वेळा मांडूनही चाळिसाव्या चालीच्या पुढे आमच्या ओट्यावर कोणी बोलत नाही.

काकांचा या डावावर विशेष जीव. कारण सुलतान खान ज्या नियमांनी बुद्धिबळ शिकले ते आपले देशी नियम होते, आणि काकाही गावी वडिलांकडून तेच शिकले, फरशीवर कोळशाने आखलेल्या पटावर. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. कॅसलिंग नाही, शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते. असा डाव सावकाश उघडतो. त्यामुळे सुलतान खान विलायतेत गेले तेव्हा सुरुवातीच्या चालींत कच्चे पडत. समोरच्यांनी त्या पुस्तकांतून पाठ केलेल्या असत. पण डाव मध्यावर आला की त्यांचा हात धरणारे थोडेच होते.

ते पंजाबातील मिठा तिवाना गावचे. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि सर उमर हयात खान तिवाना या बड्या जमीनदारांनी १९२९ मध्ये त्यांना लंडनला नेले. त्याच वर्षी ते ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, पुन्हा १९३२ साली आणि १९३३ साली. १९३१ मध्ये प्राग येथे इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळताना त्यांनी रुबिनस्टाइन आणि फ्लोर यांना हरवले आणि तेव्हाचे जगज्जेते अलेखाइन यांच्याशी बरोबरी केली. थंडी-तापाने बेजार, गळ्याला पट्ट्या गुंडाळून खेळायला येत असत. १९३३ च्या अखेरीस ते सर उमर यांच्याबरोबर परत आले. १९३५ साली आपल्याकडच्या व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव झाले, त्यांपैकी फक्त एक बरोबरीत सुटला, बाकी सर्व सुलतान खान जिंकले. मग मोठ्या स्पर्धांतून हा माणूस दिसेनासा झाला. १९६६ साली सरगोध्यात त्यांचे निधन झाले.

काका ही गोष्ट पोरांना सांगत ती अशी: "साहेबाच्या घरचा नोकर. दिवसा ताटे वाढायची आणि संध्याकाळी जगज्जेत्याला हरवायचे!" अमेरिकेचे खेळाडू रूबेन फाइन यांनी लिहून ठेवले आहे की १९३३ मध्ये सर उमर यांच्या लंडनच्या घरी जेवायला गेले असता चॅम्पियनच वाढायला उभे होते. आमच्या वस्तीत ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काकांनी तर त्या पानावर डावाच्या वर ठळक लिहून ठेवले होते, 'नोकराने राजाला मात दिली'.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. १९५० साली हा किताब प्रथम वाटला गेला तेव्हा त्यांच्याकडून हरलेल्या रुबिनस्टाइन यांना तो मिळाला होता. यांना मिळायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. आम्ही त्या रविवारी पेढे वाटले. बातमीच्या निमित्ताने शिपाई बंधूंनी आणखी वाचन केले आणि पुढच्या रविवारी जरा अवघडूनच सांगितले की सुलतान खान यांच्या नातीला हे 'नोकर' प्रकरण मान्य नाही. २०२० साली इंग्रजीत त्यांच्यावर पुस्तक निघाले, त्याच्या नावातच नोकर हा शब्द होता. नातीचे म्हणणे, आजोबा जमीनजुमला असलेल्या पीर घराण्यातले, नोकर नव्हते आणि निरक्षरही नव्हते.

ओट्यावर शांतता झाली. मग फिटर मित्र म्हणाले, "म्हणजे आपला नव्हताच तो." काका उसळले. "आणि नोकर असता तर काय कमी झाला असता?" शब्दाने शब्द वाढला. एवढी वर्षे मी पोरांना खोटे सांगितले काय, असे म्हणून काका उठून गेले आणि त्यानंतर तीन रविवार आलेच नाहीत.

आम्हालाही झोंबले होते, कबूल करतो. गोष्ट आपल्याला सोयीची होती म्हणून आम्ही ती तपासली नाही. आपल्या पूर्वजांबद्दल, त्यांच्या घरच्यांना न विचारता, इतरांनी काय काय लिहून ठेवले त्याचा राग आपण पिढ्यान्‌पिढ्या धरत आलो. मग दुसऱ्याच्या आजोबांबद्दल नातीला विचारायचे आम्हाला का सुचले नाही? फाइन यांनी पाहिले ते काय होते हे आम्ही ठरवू शकत नाही. पण घरच्यांचे म्हणणे पानावर असायला हवे, इतके आम्हाला पटले. आणखी एक गोष्ट मुलाने सांगितलेली आहे: सुलतान खान यांनी स्वतःच्या मुलांना बुद्धिबळ शिकवायला नकार दिला, याहून उपयोगाचे काही करा म्हणाले. ती ऐकून आमच्यातले दोन बाप बराच वेळ गप्प होते.

चौथ्या रविवारी आम्ही काकांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडले आणि आत वळून म्हणाल्या, "आले बघा तुमचे वजीर." काका पलंगावर बसून वही चाळत होते. वरची ओळ त्यांनी खोडली होती आणि खाली लिहिले होते, 'मीर सुलतान खान, मिठा तिवाना, पंजाब. नातीचे म्हणणे: नोकर नव्हते.' तेवढेच. जयभीम झाला, आणि आम्ही सगळे ओट्याकडे निघालो.

त्या दिवशी रिक्षावाल्या बंधूंची आठवीतली मुलगी पटाशी येऊन बसली होती. सर उमर यांच्या घरातलीच मिस फातिमा १९३३ मध्ये हेस्टिंग्जला ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकली, अकरापैकी दहा डाव जिंकून आणि एकही न हरता, हे तिला शिपाई काकांनी सांगितले होते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून ही मुलगी पट सोडत नाही. तिने वही उलटसुलट चाळली आणि विचारले, "फातिमाचा डाव कुठल्या पानावर आहे?"

तो आमच्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत कोणी आणलाच नव्हता. शिपाई बंधूंनी शोधून आणायचे कबूल केले आणि काकांनी वहीचे एक पान कोरे सोडून वर फक्त नाव लिहिले. त्या दिवशी चहाही त्यांनीच पाजला, चाल कोणाची चुकली ते न विचारता.