नाताळच्या मिस्सेला येताय तर…

वसई,
18 डिसेंबर

प्रिय वहिनी,


तुमचं पत्र पोचलं. मुलांना घेऊन नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेला, यायचं म्हणता आणि वर विचारता, ‘आम्ही आलेलं चालेल ना?’ अहो, न चालायला काय झालं? खुशाल या. फक्त रोषणाई बघून परत फिरू नका.

केक, चांदण्या, झाड हे सगळं आता मॉलमध्येही मिळतं. आमचा नाताळ सुरू होतो तो चार रविवार आधी, आगमनकाळापासून. फादर जांभळं वस्त्र घालतात, वेदीवर फुलं बेताचीच, आणि एरवी रविवारी गातो ते ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत बंद. नाताळच्या रात्री जांभळं जाऊन पांढरं किंवा सोनेरी येतं, आणि ग्लोरिया सुरू झालं की घंटा वाजू लागतात. महिनाभर अडवून धरलेला आवाज मोकळा सुटतो. आगमनकाळ न पाळता नुसता केक खाणाऱ्याला त्यातलं काय कळणार?

मग शुभवर्तमान, लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं. सम्राटानं शिरगणतीचं फर्मान काढलेलं, म्हणून दिवस भरलेल्या बाईला प्रवास, उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत. ही बातमी पहिल्यांदा कळते ती रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना, राजवाड्याला नाही. दर वर्षी ऐकते, तरी इथं माझे कान टवकारतातच. (गोठ्याच्या देखाव्यात बैल आणि गाढव दिसतील. शुभवर्तमानात त्यांचा उल्लेख नाही, पण 1223 साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी देखावा मांडला तेव्हा खरी जनावरं आणून उभी केली होती. मुलांना सांगा, आवडेल.)

हे सगळं मराठीत चालतं, याचं तुम्हाला नवल वाटेल. माझ्या आजीच्या उमेदीत मिस्सा लॅटिनमध्ये असे. ती जपमाळ ओढत बसायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (1962–65) लोकभाषेला वाट करून दिली. याच वसईतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढं ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं. आता आमची शेजारीण घरी कादोडी ही इथली बोली बोलते आणि वेदीजवळ उभी राहून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचते तो शुद्ध मराठीत, ‘ण’ आणि ‘ळ’ सांभाळून.

श्रद्धाप्रकटनात देव माणूस झाला ही ओळ आली की एरवी आम्ही नुसती मान लववतो. नाताळला गुडघे टेकतो. तुम्ही शांत उभ्या राहिलात तरी चालेल. ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागेल तेव्हा मात्र बाकावरच बसा. तो बाप्तिस्मा घेऊन तयारी केलेल्यांसाठीच असतो, मनाला लावून घेऊ नका. शेवटी बाळ येशूच्या मूर्तीचं दर्शन घ्यायला मुलांना जरूर पुढं पाठवा.

आणखी एक. नाताळला मिस्सा तीन असतात: रात्रीची, पहाटेची, दिवसाची. तिन्हींची वाचनं निराळी. गर्दी रात्रीच्या मिस्सेला, आणि नवे कपडे मिरवणारेही तिथंच. मला विचाराल तर दिवसाचीच मिस्सा सरस. तिथं ना गोठा ना मेंढपाळ, योहानाचा पहिला अध्याय असतो, आणि प्रवचन ऐकायला माणसं जागी असतात.

मध्यरात्रीच्या भरवशावर मात्र राहू नका. ध्वनिक्षेपकाला दहाची मर्यादा असल्यानं मोकळ्या मैदानातल्या मिस्सा पुष्कळ ठिकाणी त्याच्या आतच आटोपतात. तेव्हा 24 तारखेला संध्याकाळी सातलाच घरी या, सोबत जाऊ. स्वेटर आणा, मैदानात गारठा असतो.

तुमची,
माई