ग्रुपवर बोलायचं कोणी?

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यात अनेक घरांत स्मार्टफोन एकट्याचा नसतो, घराचा असतो. दिवसा तो वडिलांबरोबर वावरात जातो, संध्याकाळी भावाच्या हातात असतो आणि बी.ए.ला असलेल्या मुलीच्या वाट्याला येतो तो जेवणं आटोपल्यावर. कॉलेजच्या ग्रुपवर तिचा प्रश्न रात्री साडेदहाला येतो, तेव्हा तो किती वाट पाहून आलाय हे मला कळतं. 2004 मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहात फेसबुक सुरू झालं, तिथं बहुतेकांजवळ स्वतःचा संगणक होता. ज्याचं खातं त्याचंच यंत्र, हे गृहीत धरूनच समाजमाध्यमं आपल्या उच्च शिक्षणात आली.

कोरोनात आमचे वर्ग व्हॉट्सॲपवर भरले. टाळेबंदी उठली, ग्रुप राहिले. पण पुष्कळ ग्रुपवर आता फक्त ॲडमिनच लिहू शकतो. परीक्षा अर्जाची तारीख, शिष्यवृत्तीचे कागद, पीडीएफ. सूचनांपुरतं ठीक आहे. मुलांचं तोंड बंद करून शिकवता येतं, हे मात्र मला पटत नाही.

मी भूगोल शिकवतो. खारपाणपट्टा, म्हणजे आमचा खाऱ्या पाण्याचा प्रदेश, शिकवताना ग्रुप सगळ्यांना खुला केला आणि विचारलं, तुमच्या गावात पाणी कुठून येतं? लिहू नका, बोलून पाठवा. पुस्तकी मराठी लिहायची म्हटलं की हात आखडणारी पोरं भडभडून बोलली. “सर, हिरीचं पाणी वावराले देल्लं त जमीन दगडावानी होते.” पूर्णेच्या खोऱ्यातल्या चिकणमातीत सोडियम काय करतो, ते या एका वाक्यात आलं होतं. पुस्तकातलं कारण मग त्यांना लगेच उमगलं.

मेळघाटातल्या धारणीकडचा एक मुलगा वर्गात कधी बोलत नसे. त्याच्या घरची भाषा कोरकू, मुंडा कुळातली. मराठी त्याला शाळेत भेटली. त्याचं गप्प राहणं म्हणजे ‘येत नाही’, असंच धरलं जायचं. त्यानं पाण्याचा तोच प्रश्न आजीला कोरकूत विचारून तिचं उत्तर रेकॉर्ड केलं आणि त्यापाठोपाठ मराठीत अर्थ सांगितला. भातकुली-दर्यापूरची पोरं त्याला विचारू लागली, तुमच्याकडे एवढा पाऊस, मग उन्हाळ्यात टँकर काऊन लागते? उतार, बेसाल्ट, वाहून जाणारं पाणी, सगळं तो समजावत गेला. मेळघाट आणि खारपाणपट्टा एकाच जिल्ह्यात असून एकमेकांशी असे क्वचितच बोलतात.

मुली अजून कमी बोलतात. ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो आणि त्यातून होणारा त्रास खरा आहे. त्यांचा निराळा ग्रुप एखाद्या प्राध्यापिकेकडे असावा, असं मला वाटतं.

बोलून शिकणं आमच्याकडे नवं नाही. आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. भातकुली तालुक्यातल्याच ऋणमोचनला पूर्णेकाठी त्यांनी यात्रेकरूंसाठी राबून काम केलं. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं: वऱ्हाडीत विचारायचं, समोरच्यांनी उत्तर द्यायचं, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. अक्षर न येणारा माणूसही त्यात बोलत असे. अमरावतीपासून बुलडाण्यापर्यंत पाच जिल्ह्यांतली पोरं या विद्यापीठात येतात, वऱ्हाडी, कोरकू, गोरमाटी, उर्दू घेऊन. अंतर्गत गुणांसाठी त्यांचं बोलून पाठवलेलं उत्तर धरलं जावं, एवढं मी अभ्यास मंडळाकडे मागणार आहे.