आधी पाणी, मग तेल

शिपायाचा शत्रू समोर असतो, अशी आपली समजूत. आमचे मामा म्हणत, "एक शत्रू नळीतही बसलेला असतो." मामा फौजेत आर्मरर होते, म्हणजे बंदुकांचे वैद्यच म्हणा ना! ३०३ रायफलीवर त्यांचा फार जीव.

तिच्या दस्त्यात, पितळी झाकणाआड, तेलाची बाटली आणि वजन लावलेली दोरी असे. दोरीत चिंधी अडकवून नळी पुसायची. पण गोळ्या झाडल्यावर नुसते तेल उपयोगाचे नाही. काडतुसाच्या टोपीतला पोटॅशियमचा क्षार नळीत उरतो, हवेतली ओल ओढतो आणि गंज धरतो. तेलात तो विरघळत नाही. म्हणून आधी उकळते पाणी, मग कोरडी चिंधी, शेवटी तेल.

मापात मामा सोनाराहून कडक. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटलाच पाहिजे; ०.०७४ वर मिटता कामा नये. नाहीतर काडतूस फाटून झाडणाऱ्याच्याच तोंडावर वाफ यायची!

१९६२ च्या युद्धानंतर सेल्फ लोडिंग रायफली आल्या, ३०३ मागे पडली. मामांची शिस्त मात्र पेन्शनीतही सुटली नाही. दिवाळी सरली की आम्हा भाचरांची टिकल्यांची पिस्तुले ते कढत पाण्याने धूत. टिकलीतही तोच क्षार! आम्ही हसायचो, पण आमची पिस्तुले पुढच्या दिवाळीलाही वाजत.

मामांनी रणात गोळी झाडली नाही, पदकही मिळवले नाही. हात आपला आणि जीव दुसऱ्याचा, एवढे ओझे मात्र त्यांनी जन्मभर न बोलता वाहिले.